एका नाण्यावर दोन राजे

नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा घबाडच म्हणावा असा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी मूळची पश्चिम भारतातला शक राजा क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर मात्र सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला आहे.

असं एखादं नाणं भिंगाखाली नीट पाहावं. सातकर्णीच्या तीन कमानींच्या डोंगराच्या चिन्हाआडून नहपानाचं नाक आणि हनुवटी डोकावते, कडेला ग्रीक वळणाची अक्षरं अर्धीमुर्धी उरलेली असतात. दुसऱ्या बाजूला नहपानाचे बाण आणि वज्र, आणि त्यांवर सातकर्णीचं चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. ठशाचा घाव बसला की धातू दबून ठशाच्या खोबणीत सरकतो. जिथे दाब कमी पडतो, तिथे जुनं चित्र तसंच राहतं. त्या उरलेल्या नाकामुळेच कोण आधी आणि कोण नंतर, हे वादातीत ठरतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने खखरात वंश निःशेष केला, असं ती त्यात सांगते. नहपान त्याच वंशातला. आईच्या शब्दांना पुष्टी देणारी इतकी नाणी एका गावात मिळावीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चांदी किती शुद्ध, हे शोधणं त्याहून अवघड. क्ष-किरणांच्या यंत्राने नाण्याला धक्का न लावता धातू ओळखता येतात, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. चांदीत मिसळलेलं तांबं शतकानुशतकं मातीत राहून पृष्ठभागावरून झिरपून जातं, त्यामुळे नाणं आहे त्याहून शुद्ध भासतं. म्हणून घनताही मोजतात. चांदीची घनता १०.५, तांब्याची साधारण ८.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. पण दोन ग्रॅमच्या नाण्याचं आकारमान जेमतेम ०.२ घनसेंटिमीटर भरतं, तेव्हा पाण्यात बुडवताना एक बुडबुडा चिकटला तरी उत्तर चुकतं.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांचं दुखणं वेगळं. काही लाकडांतून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते. अशा लाकडाच्या कपाटात शिसं ठेवलं, तर त्यावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं गळून जातात. आपल्याकडच्या जुन्या लाकडी कपाटांच्या प्रेमापोटी अशी नाणी गमावणं परवडणारं नाही.

घरात जुनं नाणं असेल तर चिंच किंवा राख लावून ते घासू नका, ही माझी कळकळीची विनंती. घासण्यात पहिला जातो तो वरचा थर, आणि पुसट उरलेली जुनी रेषा त्याच थरात असते. शेतात नांगरताना साठा लागला तर १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणी ज्या मडक्यात होती त्याची खापरंही जपून ठेवा, साठा कधीचा हे ठरवायला ती कामी येतात.