अधिवास, परिसंस्था आणि शिक्षक प्रशिक्षण: पुण्यात अर्ज कुठे, कागद कोणते?

प्राथमिकला परिसर अभ्यास, सातवीच्या विज्ञानात अनुकूलन, आठवीत परिसंस्था. हे शिकवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, 'प्रशिक्षणाचा फॉर्म कुठे मिळेल?' असा एकच फॉर्म नाही. प्रशिक्षण कोण घेतंय, त्यावर अर्जाची वाट ठरते.

सरकारी प्रशिक्षणाला सहसा अर्ज नसतोच, नाव वरून येतं. कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कार्यक्रम ठरवते. जिल्ह्यात तो लोणी काळभोरच्या डाएटमार्फत (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) येतो, मग गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा. त्यामुळे विषय हवा असेल तर केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर संपतं. महापालिकेच्या शाळांनी हीच मागणी आपल्या शिक्षण विभागाकडे करायची.

दुसरी वाट दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचाची. इथे कुणाच्या शिफारशीची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास करणं अपेक्षित आहे, आणि त्यातले बरेच तास इथे भरून निघतात. खातं उघडताना राज्य, जिल्हा, तालुका आणि शाळा नीट निवडा. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. पुणे जिल्ह्याचा 2725 ने सुरू होतो. नाव टाकताना विशेष जपा. प्रोफाइलमध्ये 'पाटील सर' असेल तर प्रमाणपत्रावरही 'पाटील सर'च छापून येतं, आणि कार्यालय ते परत पाठवतं. निष्ठा या सरकारी शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या ऑनलाइन कोर्समध्ये शेवटच्या चाचणीत 70 टक्के मिळाले तरच प्रमाणपत्र मिळतं. नुसते व्हिडिओ पळवून उपयोग नाही.

तिसरी वाट विद्यापीठं आणि संस्थांच्या कार्यशाळांची. धनकवडीत भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी थेट विचारणा करायची. पात्रता आणि शुल्क ज्या त्या कार्यक्रमाच्या सूचनापत्रात असतं.

कार्यशाळा शाळेच्या दिवशी असेल, तर खरं काम मुख्याध्यापकांच्या पत्राचं. ते आधी घ्या. जाऊन आल्यावर 'कर्तव्यकाळ धरावा' (म्हणजे तो दिवस रजा नव्हे, कामाचा मानावा) असा अर्ज केला की विनंती करत फिरावं लागतं. विषयाची ओळ सरळ लिहा: 'परिसंस्था या घटकावरील कार्यशाळेस उपस्थित राहण्यास परवानगी व कर्तव्यकाळ मंजुरीबाबत.' सोबत कार्यशाळेचं निमंत्रण, ओळखपत्राची प्रत, शालार्थ आयडी (सरकारी वेतन प्रणालीतला तुमचा क्रमांक) आणि तुमच्या तासिका कोण घेणार ते. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि मुख्याध्यापक पहिल्यांदा तोच विचारतात. विनाअनुदानित शाळेत शालार्थ आयडी नसेल तर नियुक्तिपत्राची प्रत आणि शाळेचा दाखला जोडावा.

क्षेत्रभेट असलेली कार्यशाळा मिळाली तर तीच निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसतात (बुधवारी बंद असतं), पण अधिवास, म्हणजे प्राण्याचं नैसर्गिक घर, पाहायचा तर बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य गाठावं. जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं गवताळ रान, चिंकारा या हरणासारख्या प्राण्यासाठी राखलेलं. 'जंगल म्हणजे दाट झाडी' हे मुलांच्या डोक्यातलं समीकरण इथे मोडतं. खुरटी बाभूळ, मोकळं गवत आणि लांबवर नजर टाकून उभा चिंकारा. धोका लांबूनच दिसावा आणि वेगानं पळता यावं, यासाठी त्याला मोकळं रानच लागतं. अशा माळावर सरसकट झाडं लावली तर त्याचं घरच जातं. उलट भीमाशंकरचा शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तिथे फांद्या तुटल्या की त्याची वाट तुटते. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात, यापेक्षा चांगला धडा नाही.

अभयारण्यात गट नेण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर वन विभागाला पत्र द्यावं: तारीख, संख्या, हेतू आणि सोबतच्या शिक्षकांची नावं. अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 खाली मिळते. वर्गात दाखवायला म्हणून तिथून पीस किंवा अंडी उचलू नयेत. मोराचं घरटं दिसलं तर फोटोही लांबूनच.

प्रशिक्षण संपल्यावर प्रमाणपत्राची छापील प्रत शाळेच्या आवक नोंदवहीत नोंदवून घ्या आणि आवक क्रमांक स्वतःच्या प्रतीवर लिहून ठेवा. बदली झाली तर नव्या शाळेत हीच प्रत दाखवावी लागते.