मॅडिसन यांचा राज्यविचार आणि मानवी स्वभाव

अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार व चौथे राष्ट्राध्यक्ष (१८०९–१७) जेम्स मॅडिसन (१६ मार्च १७५१–२८ जून १८३६) यांनी शासनव्यवस्थेची मांडणी मानवी स्वभावाच्या आधारे केली. माणूस सुधारेल आणि मग राज्य नीट चालेल, ही वाट त्यांना मान्य नव्हती. आहे त्या माणसाला घेऊनच राज्य चालवायचे, हा त्यांचा हिशेब.

राज्यघटना तयार करण्यासाठी १७८७ मध्ये भरलेल्या फिलाडेल्फिया परिषदेपूर्वी त्यांनी राज्याराज्यांतील कारभाराचे दोष टिपून काढले होते. विधिमंडळांतील बहुमतवालेच कर्जदारांच्या सोयीसाठी कागदी चलन काढत, करार मोडत. जुलूम फक्त राजाच करतो असे नाही, हे त्यांनी त्यावरून ताडले.

याचे उत्तर नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील दहाव्या लेखात (२२ नोव्हेंबर १७८७) आहे. ‘पब्लियस’ या टोपणनावाने मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी एकूण ८५ लेख लिहिले. मॅडिसन म्हणतात, आगीला जशी हवा तसे तटबाजीला स्वातंत्र्य. पण आग नको म्हणून कोणी हवा काढून टाकत नाही. तट पडण्याचे सर्वांत टिकाऊ कारण म्हणजे मालमत्तेची विषम वाटणी. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, कारण स्वार्थाने निवाडा बिघडतो. विधिमंडळात मात्र नेमके तेच घडते. म्हणून प्रजासत्ताक मोठे असावे. तट इतके असावेत की एकालाच कायमचे बहुमत जुळवणे अवघड जावे. प्रजासत्ताक लहानच हवे, असे तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत. मॅडिसन यांनी ते उलटे करून दाखवले.

एक्कावन्नाव्या लेखात काट्याने काटा काढण्याची युक्ती येते : एका सत्तास्थानाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने अडवायची. माणसे देवदूत असती तर सरकार लागलेच नसते, हे गाजलेले विधान याच लेखातले. (या लेखाच्या कर्तृत्वावर हॅमिल्टन यांचाही दावा होता, आता तो मॅडिसन यांचाच मानतात.) एवढ्यावरून त्यांना माणूसद्वेष्टे ठरवणे मात्र घाईचे होईल. पंचावन्नाव्या लेखात ते मनुष्यस्वभावात विश्वास ठेवण्याजोगे गुणही असल्याचे सांगतात, आणि तिथेच बजावतात : अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता, तरी तिथली सभा जमावच ठरली असती.

परिषदेत त्यांचे सारेच चालले नाही. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा केंद्राचा अधिकार त्यांना हवा होता, तो मिळाला नाही. नागरिकांच्या हक्कांची हमी देणाऱ्या हक्कांच्या सनदेला ते आधी कागदी कुंपण म्हणत. पुढे १७८९ मध्ये त्यांनीच ती काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) मांडली.

या विचाराची खरी कसोटी त्यांच्या घरीच होती. ६ जून १७८७ रोजी परिषदेत, केवळ रंगभेदावरून माणसाने माणसावर चालवलेला जुलूम त्यांनी बहुमताच्या अन्यायाचे उदाहरण म्हणून सांगितला. व्हर्जिनियातील माँटपेलियर या त्यांच्या मळ्यावर मात्र शंभराहून अधिक गुलाम राबत होते. मृत्युपत्रातही त्यांनी त्यांना मुक्त केले नाही. संमतीशिवाय विकू नये, एवढेच लिहिले. पत्नी डॉली यांनी पुढे अनेकांना विकले. अखेरपर्यंत मॅडिसन यांच्या सेवेत असलेले पॉल जेनिंग्ज त्यांतलेच. १८४७ मध्ये सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. ती १२० डॉलरची रक्कम जेनिंग्ज यांनी दरमहा आठ डॉलरप्रमाणे चाकरी करून फेडायची होती.