पार्श्वभूमी : जॉर्ज जोन्सचं नेमकं कोणतं पुनरागमन?

‘कमबॅक’ हा शब्द जॉर्ज जोन्सच्या बाबतीत जरा जपूनच वापरावा लागतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या ‘कंट्री’ संगीतातल्या या गायकाचं पुनरागमन म्हणून 1980 साल सांगितलं जातं. त्याआधीच्या वर्षी सुपारी घेऊनही तो पन्नासहून अधिक कार्यक्रमांना फिरकला नव्हता. ‘नो शो जोन्स’ हे नाव पडलं ते त्यामुळेच. 1978 च्या अखेरीस दिवाळखोरीही झाली होती. अशात मरेपर्यंत प्रेम करणाऱ्या माणसाचं एक गाणं त्याच्याकडे आलं. इतकं रडकं गाणं कोण विकत घेणार, असं त्याचंच मत होतं. ते पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्याच्या आवाजात तिथं पोचायला त्याला पाच वर्षांहून जास्त काळ लागला होता.

पण परतलं ते गाणं. माणूस होता तिथंच होता. दारू आणि कोकेन चालूच राहिलं. 1982 मध्ये नॅशव्हिलमध्ये पोलिसांनी त्याला पकडलं, तेव्हा त्याची अवस्था टीव्हीच्या कॅमेऱ्यानं टिपली. पुढच्या वर्षी झालेल्या चौथ्या लग्नानंतर गाडी हळूहळू रुळावर आली.

म्हणून माझ्या मते खरी गोष्ट 1999 ची. 6 मार्चला घराजवळ त्याची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. तेव्हा तो फोनवर बोलत होता आणि गाडीत व्होडकाची बाटली सापडली. यकृताला आणि फुप्फुसाला गंभीर इजा झाली. पुढे त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. नवा अल्बम तयार होत आला होता, जूनमध्ये तो बाजारात आला. त्यातलं ‘चॉइसेस’ हे आपल्याच चुकीच्या निवडींची कबुली देणारं गाणं. अपघातानंतर ऐकणाऱ्यांना ते आत्मचरित्रच वाटलं, लिहिलं दुसऱ्यांनी असलं तरी.

सप्टेंबरमधल्या कंट्रीच्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यासाठी या गाण्याला नामांकन मिळालं. आयोजकांनी त्याला गायला बोलावलं, पण गाणं कापून. थेट प्रक्षेपण, वेळेचं गणित, सगळ्यांनाच कात्री लागते, हे सगळं मान्य. पण कात्री कोणावर चालवायची हे ठरवणारं कोणीतरी असतंच, आणि तेव्हाच्या कंट्री रेडिओनं जुन्या आवाजांना आधीच अडगळीत टाकलेलं होतं. अडुसष्ट वर्षांचा, मरणाच्या दारातून परतलेला माणूस पूर्ण गाणं म्हणू द्या म्हणतो, आणि त्याला मिनिटं मोजून दाखवायची? जोन्स गेलाच नाही. या वेळची गैरहजेरी दारूमुळे नव्हती, एवढा फरक. त्या रात्री दुसरा एक लोकप्रिय गायक मंचावर स्वतःचं ठरलेलं गाणं मधेच थांबवून ‘चॉइसेस’ गायला लागला आणि गाऊन निघून गेला. प्रेक्षक उठून उभे राहिले. पुढच्या वर्षी याच गाण्यानं जोन्सला ग्रॅमी मिळवून दिलं.

अपघातानंतर त्यानं दारू आणि सिगारेट दोन्ही सोडली. 2013 मध्ये तो निरोपाच्या दौऱ्यावर होता. शेवटचा कार्यक्रम 22 नोव्हेंबरला नॅशव्हिलमध्ये ठरला होता. 26 एप्रिलला, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो गेला. ठरलेल्या तारखेला कार्यक्रम झालाच, फक्त गाणारे दुसरे होते. कार्यक्रमाच्या नावात आयोजकांनी ‘द फायनल नो शो’ हे शब्द घातले होते.