तोटा आणि ‘अंडर-रिकव्हरी’: पेट्रोल-डिझेल दरनियंत्रणाची पार्श्वभूमी

प्रशासित दरपद्धती, म्हणजे इंधनाचे दर सरकारने ठरवण्याची पद्धत, 1 एप्रिल 2002 रोजी कागदोपत्री संपली. त्याआधी पेट्रोलवर जादा आकारणी करून रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस स्वस्त ठेवला जाई. हे स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाई. रॉकेलचे वंगण कमी पडते, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर झिजण्याचा भुर्दंड वाहनमालकावर पडे.

2004 पासून कच्चे तेल महागू लागले आणि दर पुन्हा सरकारच्या हाती गेले. त्या काळात तेल कंपन्यांना खरेच तोटा होत होता का, हा सगळा वाद तेव्हाच्या ‘अंडर-रिकव्हरी’भोवती आहे. तेलशुद्धी देशातच होते. तरी रिफायनरीचा दर काढताना तयार इंधन बाहेरून आणले असते तर जहाजभाडे, विमा, सीमाशुल्क, बंदरखर्च धरून काय पडले असते, हा हिशेब लावला जाई. 2006 मध्ये सूत्र बदलून 80 टक्के हा आयात-समतुल्य दर आणि 20 टक्के निर्यात-समतुल्य, म्हणजे इंधन निर्यात केले असते तर मिळाला असता तो, दर धरण्यात आला. या दरापेक्षा कंपन्यांच्या जेवढे कमी हाती येई, ती अंडर-रिकव्हरी. ताळेबंदातला तोटा वेगळा. वृत्तपत्रांत मात्र दोन्ही एकच म्हणून छापले गेले आणि दरवाढीची बाजू त्यावर उभी राहिली.

बोजा खोटा होता असे नाही. जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरवर गेले. तेव्हा कंपन्यांना मिळालेल्या भरपाईतला मोठा वाटा तेलरोख्यांचा, म्हणजे रोख रकमेऐवजी सरकारने दिलेल्या कर्जरोख्यांचा होता. त्यांची परतफेड 2025-26 पर्यंत लांबली. गाडी नसलेल्या करदात्यानेही ती फेडली.

जून 2010 मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल राहिले. दरातली दरी वाढली आणि डिझेल मोटारींचा खप वाढला. जानेवारी 2013 पासून डिझेल महिन्याला सुमारे 50 पैशांनी वाढू लागले, घाऊक ग्राहकांना मात्र लगेच बाजारभाव लागला. परिणामी राज्य परिवहनाच्या बसगाड्या किरकोळ पंपांवर रांगा लावू लागल्या.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही मुक्त झाले, नेमके कच्चे तेल कोसळत असताना. ग्राहकाच्या पदरात थोडेच पडले: नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 दरम्यान उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले, पेट्रोलवर लिटरला 11.77 आणि डिझेलवर 13.47 रुपये. 16 जून 2017 पासून दर रोज बदलू लागले, पण एप्रिल 2022 नंतर जवळपास दोन वर्षे कंपन्यांनी ते हलवलेच नाहीत. मे 2022 मधली घट शुल्काची होती.

दरफलकावर हे काहीच दिसत नाही. मूळ दर, उत्पादन शुल्क, डीलर कमिशन आणि व्हॅट वेगळे काढून पाहावे लागतात. बहुतेक राज्यांत व्हॅट टक्केवारीने आणि शुल्क धरून लागतो, म्हणून शुल्क वाढले की व्हॅटही आपोआप वाढतो.