एसएसडीचं केसिंग घेण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लॅपटॉपमध्ये मोठा एसएसडी (माहिती साठवणारा भाग) बसवून घेतला की जुना उरतो आणि बहुतेक घरांत तो कपाटाच्या खणात जाऊन पडतो. केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत बसवला तर त्याचीच चांगली पोर्टेबल ड्राइव्ह होते. खर्च फक्त केसिंगचा. पण फोंड्याच्या आमच्या काउंटरवर ऑनलाइन मागवलेलं केसिंग घेऊन 'हे बसतच नाही' म्हणत येणारे ग्राहक काही कमी नाहीत. म्हणून हे चार शब्द.

आधी हातातला एसएसडी ओळखा

चपटी, बंद डबी असेल तर तो अडीच इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे जोडणीची जुनी, कमी वेगाची पद्धत). त्याचं केसिंग स्वस्त, सोपं, आणि त्यात चुकण्यासारखं फारसं काही नाही.

घोळ होतो तो उघड्या पट्टीच्या एसएसडीत, म्हणजे एम.२ मध्ये. ही पट्टी २२ मिलिमीटर रुंद असते आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिच्यावर २२८० असा आकडा असतो. काही लहान लॅपटॉपमध्ये ३० मिलिमीटरची, म्हणजे २२३० पट्टी निघते. केसिंगमध्ये त्या लांबीला स्क्रूची किंवा रबरी खुंटीची जागा आहे का, ते बघा.

लांबी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. एकाच मापाची पट्टी साटाची असू शकते किंवा एनव्हीएमईची, म्हणजे नव्या, जास्त वेगाच्या पद्धतीची. सोनेरी पिनांच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. 'बहुधा' म्हणतो, कारण दोन खाचांचे काही एनव्हीएमईही आहेत. तेव्हा लेबल वाचा: एनव्हीएमई किंवा पीसीआयई लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. फक्त एनव्हीएमईसाठी असलेल्या केसिंगमध्ये साटा पट्टी कधी कधी आरामात बसते, पण संगणकाला ती दिसत नाही. मग बिचाऱ्या एसएसडीला खराब ठरवलं जातं. खात्री नसेल तर दोन्ही चालवणारं केसिंग घ्या. रियलटेकची आरटीएल ९२१०बी ही चिप असलेली केसिंगं तशी असतात.

वेग: खोक्यावरचा आकडा आणि तुमचा पोर्ट

यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) वेगाची. नाव बदललं म्हणून वेग वाढला असं समजून जास्त पैसे देऊ नका. साटा एसएसडी स्वतःच सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्याला ५ जीबीपीएसचं केसिंग पुरतं. एनव्हीएमईला १० जीबीपीएसचं घ्यावं. सेकंदाला हजार एमबीच्या आसपास वेग मिळतो.

२० जीबीपीएसचं केसिंग आम्ही सहसा सुचवत नाही. तो वेग देणारा पोर्ट फार थोड्या लॅपटॉपवर असतो, आणि मॅकवर ते सहसा १० वरच चालतं. ४० जीबीपीएसचं, म्हणजे यूएसबी ४ किंवा थंडरबोल्टचं केसिंग ड्राइव्हवरूनच व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी ठीक. महाग विकण्यात आमचाच फायदा आहे, तरी हे सांगतोय.

सगळ्यात जास्त वेग खाते ती केबल. फोनच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल अनेकदा आतून यूएसबी २.० च असते. शिगमोच्या चित्ररथ मिरवणुकीचं १०० जीबी शूटिंग लॅपटॉपवरून ड्राइव्हवर घ्यायचं असेल तर अशा केबलवर पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेच ५ जीबीपीएसवर चार-पाच मिनिटांचं काम. केसिंगसोबत आलेली आखूड केबल त्याच्याच डब्यात ठेवा, फोनला लावू नका.

उष्णता आणि आपली हवा

एनव्हीएमई तापतो, आणि फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणून त्याला ॲल्युमिनियमचंच केसिंग हवं, आत थर्मल पॅडसह (उष्णता केसिंगकडे नेणारी मऊ गादी). पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायला विसरू नका. दुरुस्तीला आलेली केसिंगं उघडली की ती बऱ्याचदा तशीच चिकटलेली सापडते. केसिंग हाताला गरम लागलं तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर येतेय. मे महिन्यात मिरामारच्या किनाऱ्यावर गाडी लावून ड्राइव्ह डॅशबोर्डवर ठेवणं मात्र नको.

पावसाळ्यात आणि किनाऱ्याजवळच्या घरांत खारट, दमट हवेनं पिना काळवंडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून त्यात ड्राइव्ह ठेवा. थंडगार एसी खोलीतून बाहेर आणल्यावर लगेच जोडू नका, थोडा वेळ जाऊ द्या; धातूवर दव धरतं.

जोडल्यावर

ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी ३ च्या साध्या चौकोनी पोर्टला ९०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देणं बंधनकारक आहे, आणि काही एनव्हीएमईंना तेवढी पुरत नाही. हब काढा, थेट टाइप-सी पोर्टला लावून बघा.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. कोरा एसएसडी जोडल्यावर दिसला नाही तर तो आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइझ, म्हणजे वापरासाठी तयार करावा लागतो. पण एसएसडी जुना असेल, आत तुमची माहिती असेल आणि विंडोज 'फॉरमॅट करू का?' असं विचारत असेल, तर 'नाही' म्हणा आणि आमच्याकडे आणा.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमधला एसएसडी विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद असतो. दुसऱ्या संगणकावर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; एसएसडी काढण्याआधीच शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती की नसेल तर आतली माहिती आम्हालाही काढून देता येत नाही.

दुकानात येताना एसएसडी आणि जमलं तर लॅपटॉपही आणा. केसिंग आमच्याकडून घेतलंत तर बसवून, पोर्टवर वेग तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.