अपरिचित मूकविनोदपट

चित्रपटाला आवाज मिळण्यापूर्वी, साधारण १९०५ ते १९२९ या काळात निघालेले, पण चॅप्लिन आणि कीटन यांच्या कीर्तीमागे झाकोळलेले विनोदी पट. फ्रान्सचा मॅक्स लिंडर, अमेरिकेतले चार्ली चेस, लॉइड हॅमिल्टन आणि रेमंड ग्रिफिथ ही यांतली महत्त्वाची नावे. बरेचसे पट दोन रिळांचे, वीसेक मिनिटांत आटोपणारे. दादासाहेब फाळके यांनीही ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट काढला होता.

चॅप्लिनचे गाजलेले प्रसंग पाहण्याआधीच कानावर आलेले असतात. इथे पुढे काय होणार याचा अंदाजच नसतो, म्हणून हसू अवचित फुटते. नट अनोळखी असल्याने लक्ष प्रसंगाच्या बांधणीकडे जाते, आणि खरी गोडी तिथेच आहे.

चेसचा ‘मायटी लाइक अ मूस’ (१९२६, दिग्दर्शक लिओ मॅकेरी) पाहावा. नवऱ्याचे दात पुढे आलेले, बायकोचे नाक भलेमोठे. दोघेही एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात, बाहेर भेटतात, ओळखत नाहीत आणि चक्क प्रेमात पडतात. शेवटी सत्य उमगलेला नवरा बायकोला धडा शिकवायला स्वतःशीच मारामारी रचतो: खोटे दात लावले की नवरा, काढले की प्रियकर. एकच नट दोन्ही बाजू इतक्या चपळाईने लढवतो की दोन माणसे भिडल्याचा भास व्हावा.

सांगलीच्या नाट्यवेड्या प्रेक्षकाला हा घाट परका वाटू नये. शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये (१९१६) फाल्गुनराव आणि कृत्तिका एका तसबिरीपायी असेच एकमेकांवर संशय घेत राहतात. देवलांच्या नाटकाचे मूळ मोलिएरपर्यंत जाते. चेसच्या पटातही त्याच जातीचा प्रहसनाचा खेळ आहे, फक्त संवाद आणि पदे वगळून. सगळा भार चेहऱ्यावर, दारांवर आणि वेळ साधण्यावर.

दुर्दैवाने या काळातले बरेच काही कायमचे गेले. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, कुजे; बोलपट आल्यावर जुन्या प्रती जपण्याची कुणाला निकड वाटली नाही. अमेरिकेतल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात जेमतेम १४ टक्के उरल्याचे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या २०१३ च्या अहवालात नोंदले आहे.

पाहताना वेगाकडे लक्ष द्यावे. सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी टिपलेला पट चोवीसच्या वेगाने चालवला की माणसे तुरुतुरु पळतात आणि नटाने साधलेली वेळ वाया जाते. चेसचा वरील पट अमेरिकेत २०२२ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे.