पावसाला कुठला रंग द्यायचा?

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. दोन्हींमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. त्या दिवशी मुंबईत अडकलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मला हा आकडा पुन्हा भेटला तो वर्गात, पडद्यावरच्या एका चित्रात, आणि तिथे त्या एकट्याने बाकीचं सगळं चित्र पुसून टाकलं होतं.

मी संख्याशास्त्र शिकवते. आलेख काढायला आम्ही 'आर' ही संगणकभाषा वापरतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती १९९० च्या दशकात घडवली. त्या दिवशी मुलांना दाखवायचं चित्र सोपं होतं. प्रत्येक वर्षाची एक आडवी ओळ; ओळीत जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांचे १२२ चौकोन; ज्या दिवशी पाऊस जास्त, तो चौकोन जास्त गडद निळा. वाटलं होतं, मान्सूनची चाल डोळ्यांसमोर उलगडेल. जूनची सुरुवात, जुलैची संततधार, मधली उघडीप, गणपतीतल्या सरी. प्रत्यक्षात पडद्यावर एक काळपट निळा चौकोन होता आणि बाकी सगळा कागद जवळपास पांढरा.

कारण साधं आहे. रंगांची पट्टी ० ते ९४४ अशी सरळ ताणली, की १०० मिलिमीटरचा दिवस त्या पट्टीवर जेमतेम दहा टक्क्यांच्या पुढे जातो. २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या दिवसाला हवामान खातं 'अत्यंत जोरदार पाऊस' म्हणतं. असा २१० मिलिमीटरचा दिवससुद्धा पट्टीच्या पहिल्या पाव भागातच अडकतो. ज्या दिवशी मुंबईतल्या हिंदमाता चौकात गुडघ्याच्या वर पाणी असतं, तो दिवस चित्रात कोरडा वाटतो. गणित अचूक होतं, संगणकाने एकही चूक केली नव्हती, आणि तरी चित्र खोटं बोलत होतं.

इथून मला जे म्हणायचं आहे ते सुरू होतं. आलेखाचे रंग म्हणजे शेवटी मारायचा हात, अशी आपली समजूत असते. आधी आकडेमोड, मग वेळ उरला तर सजावट. पण आलेखात रंग हीच मोजपट्टी असते. फूटपट्टीवरच्या खुणा कुठे पाडायच्या हे जितक्या काळजीने ठरवतो, तितक्याच काळजीने रंग ठरवावा लागतो.

पावसाच्या चित्रावर उपाय तीन होते. एक, लॉगची पट्टी, म्हणजे आकडा दहापट झाला की दर वेळी सारखंच पाऊल पुढे टाकणारी. पण शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून कोरड्या दिवसांना वेगळा करडा रंग द्यावा लागतो. दुसरा, वर्गमुळाची पट्टी. तिच्यात शून्य शून्यच राहतं आणि १०० मिलिमीटरचा दिवस पट्टीच्या एक तृतीयांशापर्यंत चढतो. तिसरा मला सर्वांत पटला. हवामान खात्याने स्वतःच पायऱ्या आखून दिल्या आहेत: ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. रंग त्या पायऱ्यांवर बदलायचा. तसं केल्यावर चौकोनांची ती भिंत बोलायला लागली. २६ जुलै अजूनही सर्वांत गडद रंगात होता, पण आता त्याच रंगाचे आणखीही दिवस होते, आणि ते कधी आले हे दिसत होतं. यात गमावलं तेही सांगते: ९४४ आणि २१० आता एकाच रंगाचे झाले. म्हणून त्या एका चौकोनावर मी आकडाच लिहिला.

आणखी एक बदल करावा लागला. 'आर'मध्ये आलेखांसाठी जीजीप्लॉट टू नावाचं फार लोकप्रिय साधन आहे. त्याची न सांगता मिळणारी निळी पट्टी उलटी चालते: लहान आकडा गडद, मोठा आकडा उजळ. पांढऱ्या कागदावर आपल्याला मात्र गडद म्हणजे जास्त असंच वाटतं. पाऊस वाढेल तसा निळा फिका होत जाणं माझ्या मुलांच्या पचनी पडेना. पट्टी फिरवली.

दादरला मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्यायला गेलं, की दुकानदार ट्यूबलाइटखाली पंधरा तागे उलगडतो आणि शेवटी म्हणतो, "ताई, बाहेर उजेडात बघा." साडी आणि कापड हातात घेऊन बायका दुकानाच्या पायरीवर येतात. एकटा ठेवलेला आमसुली वेगळा आणि हिरव्या काठाशेजारचा आमसुली वेगळा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल युजीन शेव्रल या रसायनतज्ज्ञाकडे तक्रार आली होती, की निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारचा काळा धागा फिका दिसतो. त्याने रंग तपासले. काळ्यात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा दिसत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. आलेखातही हेच होतं. एकच करडा ठिपका निळ्या पार्श्वभूमीवर एक दिसतो, पिवळ्यावर दुसरा.

साड्यांकडून आलेखाने आणखी एक गोष्ट घ्यावी. अंग सौम्य आणि काठ गडद, कारण अंगाचं कापड खूप आणि काठाचं थोडं. नकाशावर मोठे प्रदेश भरताना फिके रंग, बारीक रेघा आणि ठिपक्यांना दाट रंग. उलट केलं की चित्र डोळ्यांवर येतं. बारीक पिवळी रेघ तर पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. मेट्रोच्या मार्गांचा आलेख काढताना हे मला छळतं: पहिली मार्गिका निळी, सात नंबरची लाल, तीन नंबरची ॲक्वा, हे रंग मुंबईकरांच्या डोक्यात बसले आहेत, ते बदलून चालत नाही, पण 'दोन अ' पिवळी आहे. मग तिची रेघ जाड काढते आणि पिवळा थोडा हळदीकडे झुकवते.

'आर'मध्ये नाव घेऊन मागता येतील असे ६५७ रंग आहेत. पपायाव्हिप, पीचपफ, लेमनशिफॉन अशी नावं. आमसुली, अबोली, मोरपंखी, चिंतामणी त्यात नाहीत. पण नावांची आपली यादी करून प्रत्येकापुढे रंगाचा संकेत लिहून ठेवता येतो, आणि माझी मुलं तशी यादी करतात. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मापांनी बनतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. मात्र या मापांवर विसंबून पट्टी आखली की फसगत होते. पडद्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७. त्यामुळे लाल-हिरव्यातून झालेला पूर्ण पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि पूर्ण निळा जवळजवळ काळा. संगणकाला दोन्ही रंग सारखेच 'पूर्ण'. डोळ्याला मुळीच नाहीत.

इंद्रधनुषी पट्टीचा दोष इथेच आहे. निळा, आकाशी, हिरवा, पिवळा, लाल अशी ती धावते आणि मधला पिवळा उगाच चमकतो. आकडे संथपणे वाढत असले तरी डोळ्याला तिथे कडा दिसते. हिरव्याच्या पट्ट्यात मात्र खरे फरक बुडून जातात. हे फक्त दिसण्यापुरतं नाही. हार्वर्डमध्ये मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हृदयाच्या धमन्यांची चित्रं वैद्यकाच्या जाणकारांना दाखवली. त्रिमितीय चित्र इंद्रधनुषी रंगात असताना धोक्याच्या जागांपैकी ३९ टक्के सापडल्या. सपाट चित्र आणि विचार करून निवडलेली रंगपट्टी दिली, तेव्हा ९१ टक्के. धमन्या त्याच, आकडे तेच. मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतल्या साधनात अशीच पट्टी वर्षानुवर्षं आपसूक मिळत होती. २०१७ साली तिच्या जागी विरिडिस आली: गडद जांभळ्यापासून निळसर हिरव्यातून पिवळ्यापर्यंत, उजळपणा एकसारख्या पावलांनी वाढवत नेणारी. तिचा झेरॉक्स काढला तरी क्रम टिकतो.

झेरॉक्सचं नाव काढलं म्हणून सांगते. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या पावसाच्या दोन रेघांचा आलेख मी जीजीप्लॉट टूमध्ये काढला होता. रंग सांगितले नव्हते, साधनाने आपणहून दिले: एक शेंदरी गुलाबी, एक फिरोजी. परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे साठ प्रती काढल्या. दोन्ही रेघा हुबेहूब एकाच करड्या रंगाच्या. आधी वाटलं, यंत्राची शाई संपली असेल. तसं नव्हतं. या साधनाचे आपसूक रंग मुद्दाम समान उजळपणाचे निवडलेले आहेत, म्हणजे कुठलाही गट उगाच पुढे येऊन डोळ्यात भरू नये. विचार न्याय्य आहे. पण उजळपणा सारखा असला की रंग काढून घेतल्यावर फरकच उरत नाही. त्या रात्री साठ प्रतींवर हाताने एकेक रेघ तुटक केली. तेव्हापासून माझ्या आलेखात एक रेघ सलग, एक तुटक, एक गडद, एक फिकी असते, आणि नावं खालच्या खोक्यात न ठेवता रेघेच्या टोकाशीच लिहिलेली असतात.

ती चूक साधनाच्या भरवशावर राहिल्याची होती. पुढची माझी स्वतःची. दर महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, हे दाखवायला मी हिरवा आणि लाल निवडला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वही मिटून बसला होता. तास संपल्यावर जवळ आला.

"मॅडम, मला सगळे चौकोन मातकटच दिसतात. कुठला जास्त आणि कुठला कमी?"

"आधी का नाही विचारलंस?"

"सगळ्यांना दिसत होतं ना. आजोबांनाही असंच आहे, आईच्या वडिलांना."

आईच्या वडिलांना, हे अगदी पुस्तकातल्यासारखं. लाल-हिरव्यातला फरक ओळखणाऱ्या, डोळ्यातल्या शंकुपेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आजोबांचं ते गुणसूत्र मुलीकडे आलं. तिला दुसऱ्या निरोगी एक्सने सांभाळून घेतलं. मुलाला दुसरं एक्स नसतंच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारामागे साधारण एकाला हा दोष असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे, तरी साठ मुलांच्या वर्गात एखादा असणारच असं धरून चालावं. मी त्याला विचारलं, सिग्नलला काय करतोस? म्हणाला, "वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. जागेवरून कळतं."

त्याचं उत्तर मी पुढच्या तासाला फळ्यावर लिहिलं. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांनी हेच मांडलं होतं: आकडा वाचायला सर्वांत भरवशाची खूण म्हणजे अक्षावरची जागा, मग लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, रंगाची छटा फार मागे. जे जागेने सांगता येतं ते रंगावर सोपवू नये.

चौकोनांत जागा अडलेली असते, तिथे रंगच लागतो. मग तपकिरी आणि निळसर हिरवा घेतले: कोरड्या मातीचा आणि पाण्याचा, मध्ये पांढरा, आणि पांढरा बरोबर सरासरीवर खिळलेला. हे खिळणं विसरलं तर संगणक पांढरा रंग आकड्यांच्या मधोमध नेऊन ठेवतो आणि सरासरीइतका पाऊस दुष्काळासारखा दिसतो. अशा जोड्या नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रुअर यांच्या कलरब्रुअर संचात तयार मिळतात. गट वेगळे दाखवायचे असतील तर मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगदोष असलेल्यांचा विचार करून बांधलेले आठ रंग आहेत. 'आर'च्या २०२० च्या आवृत्तीपासून ते सोबतच येतात.

लाल रंग मी पावसाच्या आलेखातून काढूनच टाकला आहे. मुंबईत पावसासोबत लाल दिसला की माणूस 'रेड अलर्ट' वाचतो, आलेख वाचत नाही.

ठिपक्यांच्या आलेखात पारदर्शकता उपयोगी पडते. तीस वर्षांच्या पावसाळ्यांचे ३,६६० ठिपके एकमेकांवर बसतात आणि काळा डाग होतो. प्रत्येक ठिपका दहा टक्के गडद ठेवला, की एकावर एक दहा आले तरी गडदपणा ६५ टक्क्यांच्या आसपास पोचतो. गर्दी कुठे आहे ते दिसू लागतं.

राहता राहिली अक्षरं. मराठीत शिकवताना आलेखावर मराठी हवंच. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अक्षरांच्या जागी नुसती चौकटींची रांग आली, कारण निवडलेल्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, देवनागरी नव्हती. टंक बदलला तर 'मिलिमीटर'मधल्या दोन्ही पहिल्या वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे जाऊन बसल्या आणि 'सांताक्रूझ'चा 'क्रू' फुटून त्यात हलन्त दिसू लागला. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही, ती जुळवावी लागतात, आणि आलेख रंगवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला ते येत नाही. 'आर'मध्ये रॅग नावाचं पॅकेज हे जुळवणं नीट करतं. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलानेच ते शोधून आणलं. त्याच्या वहीत आता त्या दोन रेघांचा आलेख चिकटवलेला आहे, झेरॉक्स केलेला: सलग रेघेच्या टोकाशी 'सांताक्रूझ', तुटक रेघेच्या टोकाशी 'कुलाबा', आणि उभ्या अक्षावर, वेलांट्या जागच्या जागी ठेवून, 'मिलिमीटर'.